नाना राऊळांची आंघोळ

नाना राऊळ आंघोळीला बसले की ती नुसती आंघोळ नसायची, सरकारी समारंभ असायचा. घाटकोपरच्या भटवाडीत टेकडीला टेकून उभी असलेली ती चाळ. खाली अंगणात सगळ्यांत मिळून एक नळ, नळापुढे एक काळा दगड, आणि त्या दगडावर रोज सकाळी कमरेला पंचा गुंडाळलेले नाना. बसण्याआधी ते आपला पितळी तांब्या दगडावर टण टण आपटायचे. त्या आवाजाचा अर्थ चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता: नानांची आंघोळ सुरू झाली, आपापल्या कळश्या उचला आणि बाजूला व्हा. एवढं होऊन कोणी हंडा पुढे सरकवलाच, तर नाना तोंडाने काही बोलायचे नाहीत. उजव्या हातात साबण असायचा, म्हणून डावा हात उभा करायचे, तळवा समोर, ट्रॅफिक हवालदारासारखा. की हंडेवाली मुकाट मागे. नळाला पाणी यायचं जेमतेम, आणि त्यातला मोठा वाटा नानांच्या टाचांना लागायचा, कारण त्या ते वजरीने घासून घासून अशा गुलाबी करायचे की नव्या नवरीने लाजावं.

आता हे वेड त्यांना उगाच लागलेलं नव्हतं. उभी हयात लालबागच्या एका गिरणीत साच्यावर गेली. कापसाचं तूस नाकात, कानात, भुवयांत. नवीन लग्न झालं तेव्हा बायको हसत म्हणाली होती की आईबापांनी नवरा बघून दिला म्हणे, इथे तर गादी चालत घरी येते. ती बिचारी गंमत करत होती, पण नानांना ते लागलं. त्या दिवसापासून उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या आधी आंघोळ. पुढे संप झाला, गिरणी बसली, कापूस गेला, काही वर्षांनी बायकोही गेली. आंघोळ तेवढी राहिली. करायला दुसरं काहीच नसल्यामुळे ती वाढतच गेली. सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि मधल्या वेळात लोकांच्या घाणीवर भाषणं. कोणाच्या पोराची नखं वाढलीत, कोणाची सून ओट्यापाशी केस विंचरते, सगळी माहिती नानांकडे. स्वतःच्या अंगाला मात्र कोणाचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही. एकदा मुलगा जयवंत पाठ चोळून देतो म्हणाला, तर नानांनी त्याला परत पाठवलं. तुझे हात बसचा दांडा धरून आलेत, म्हणाले.

सगळ्यांत जास्त भाषणं भिंतीपलीकडच्या शकु खरातच्या वाट्याला यायची. शकु महापालिकेच्या एका हॉस्पिटलात आयाबाई. मूळची जालन्याकडची, बौद्ध, विधवा, आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून. ती ड्युटीवरून आली की नाना जिन्याशी उभे राहून तो डावा हात वर करायचे. दिवसभर लोकांची भांडी उचलून आलीस, आधी पाय धू आणि मग वर चढ, असं त्यांचं म्हणणं. कारण अर्थातच आरोग्याचं. हॉस्पिटलात जंतू असतात. त्याच जिन्यावरून गॅरेजमधला लवू काळ्या ऑइलने माखलेला चढायचा, त्याच्या पायांना बहुतेक जंतू भीत असावेत. खरी गोष्ट कोणी बोलून दाखवत नव्हतं आणि न बोलता कळण्याइतकी चाळ शहाणी होती. शकु काही दिवस निमूट पाय धुवायची. मग एका संध्याकाळी तिने आंघोळीसाठी भरून ठेवलेली नानांची बादली उचलली, सगळीच्या सगळी आपल्या पायांवर ओतली, म्हणाली, झाले पाय धुऊन, घ्या परत भरून. नळ तेवढ्यात गेला होता. त्या दिवशी नानांची संध्याकाळची आंघोळ चुकली आणि दोघांचं बोलणं कायमचं बंद झालं. हात वर करणं मात्र चालू राहिलं, आणि शकुचं त्याकडे ढुंकून न बघता वर जाणंही.

तर ऐन उन्हाळ्यात एका सकाळी नानांनी तांब्या आपटला, अंगभर लाल साबण फासला, डोळे मिटले आणि पाण्यासाठी उजवा हात तांब्याकडे नेला. हात गेला नाही. हाताऐवजी नानाच गेले, दगडावरून खाली, फेसासकट. चार माणसांनी त्यांना पंच्याने पुसलं, लुंगीत गुंडाळलं आणि टॅक्सीत घातलं. अंगावरून वारं गेलं असं चाळीने जाहीर केलं. डॉक्टर लकवा म्हणाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली, तोंडातून ब... ब... एवढाच आवाज यायचा. खाटा भरलेल्या होत्या म्हणून हॉस्पिटलाने त्यांना काही दिवस जमिनीवरच्या गादीवर ठेवलं, सुया टोचल्या आणि सांगितलं की आता इथे ठेवून उपयोग नाही, घरी न्या, कूस बदलत राहा, अंग स्वच्छ ठेवा. यातलं घरी न्या एवढं घरच्यांनी नीट ऐकलं. नाना घरी आले तेव्हा कानामागे त्या सकाळचा साबण वाळून पापडासारखा चिकटलेला होता.

डोकं मात्र शाबूत होतं. ही गोष्ट फक्त नानांना ठाऊक होती, आणि सांगायची सोय नव्हती.

बातमी कळताच गावाहून, कुडाळकडून, नानांची थोरली बहीण सोनूबाई येऊन दाखल झाली. सोनूबाई म्हणजे सेवेची मूर्ती. आल्या आल्या तिने दोन्ही खिडक्या लावून घेतल्या, दाराला घोंगडी टांगली आणि जयवंतला व सुनेला, नलिनीला, समोर बसवून कायदा सांगितला.

"सव्वा म्हयनो पाण्याचो थेंब अंगाक लागाक नको. वारो गेलेलो आसा, पाणी लागला तर भिनतलो."

झालं. वैद्यकशास्त्र तिथे संपलं. पाणी बंद, वारा बंद, पंखा बंद. सकाळ-संध्याकाळ अंगाला कसलंसं काळं तेल, त्याच्या वर ओव्याची धुरी. साबणावर घाम, घामावर तेल, तेलावर धूर, धुरावर परत घाम. कुणीतरी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, तर सोनूबाईने तेही आणवलं. उभं आयुष्य ज्या माणसाने लोकलमधून उतरल्यावर सदरा काढून, झटकून मग परत घातला, त्याच्या दंडावर कबुतर वाळत होतं. नाना ब... ब... करून जीव तोडून ओरडायचे. सोनूबाई डोळ्यांना पदर लावून सांगायची, बघा, गुण येतोय, बोलायला बघतोय माझा भाऊ.

नलिनी वाईट नव्हती. पण सासऱ्यासमोर कधी डोक्यावरचा पदर न ढळू दिलेली बाई, तिने काय करावं? ती वरची चादर रोज बदलायची. खालची तशीच. भेटायला माणसं येणार असली की नानांच्या गळ्यावर, छातीवर पावडरीचा सडा, कपाळाला गंध, उशाशी उदबत्ती. एकूण मखरात बसवायची तयारी. जयवंतही वाईट नव्हता. कामावरून येताना मोसंबी आणायचा. खालचं सगळं तोच करायचा, जुन्या धोतराचा बोळा घेऊन, तोंड भिंतीकडे करून, श्वास कोंडून. काय पुसलं जायचं आणि काय राहायचं ते देव जाणे, कारण जयवंत बघत नव्हता. एकदा त्याने हॉस्पिटलातला एक वॉर्डबॉय ठरवून आणला होता. सोनूबाईने त्याला दारातच नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, आणि मग परत पाठवलं. नानांना याबद्दल बहिणीचा राग यायला हवा होता. पण त्यांना प्रामाणिकपणे कळत होतं की जीभ चालत असती तर त्यांनीही हेच, आणि याच क्रमाने, विचारलं असतं.

आणि वरून सगळ्यांकडे एक पक्कं उत्तर होतं. नानांना कोणी हात लावलेला खपत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला जयवंत मान हलवत सांगायचा, तुम्हाला माहितीच आहे नानांचा स्वभाव. लोक म्हणायचे, हो ना, माणूस भारी टापटिपीचा. एवढं बोलून ते उंबऱ्याच्या अलीकडूनच नमस्कार करायचे. आत यायला कोणी धजत नव्हतं. बायका पदर नाकाला लावून म्हणायच्या, किती करते हो सोनूबाई, असं घर मिळायला भाग्य लागतं. नाना भाग्य भोगत पडून राहायचे. अंगाला खाज सुटायची, ती डावा हात पोचेल तेवढ्यात खाजवायची, आणि डावा हात नेमका पाठीत पोचत नाही. पाठीत कमरेच्या वर काहीतरी चिघळत होतं. त्याचा वास त्यांचा त्यांनाच यायचा, आणि खरं सांगायचं तर लकव्यापेक्षा, वाचा गेल्यापेक्षा, मरणापेक्षाही त्यांना त्या वासाची भीती बसली होती. आपण असे, या वासात मरणार, आणि लोक तिरडीला खांदा द्यायलाही नाक धरून येणार. देवाकडे त्यांचं मागणं फार मोठं नव्हतं. बरं कर असंही म्हणत नव्हते. एक बादली पाणी दे, एवढंच.

चाळीच्या भिंती पातळ. कोणाकडे बोंबील तळले की पलीकडचा भात खाऊन उठतो, इतक्या. तेव्हा वासाची खबर शकुला सगळ्यांत आधी लागली. नाना राऊळांना वास मारतो, यात तिला थोडं समाधानही वाटलं असेल. वाटायलाच हवं, ती काय संत नव्हती. पण एका दुपारी ती सकाळची पाळी करून आली, तर जिन्याच्या मागे नलिनी कठड्याला धरून ओकत होती. शकुने पाठीवरून हात फिरवला, चूळ भरायला पाणी दिलं आणि विचारलं, दिवस गेले काय गं? नलिनी रडायलाच लागली. म्हणाली, दिवस कसले शकुताई, मामंजींच्या पाठीत किडे पडतील आता. मला बघवत नाही नि मला करवतही नाही.

सोनूबाई त्या दिवशी कुर्ल्याला भाच्याकडे सत्यनारायणाला गेली होती. तीर्थप्रसाद घेऊन, चार जणींना सेवेच्या गोष्टी सांगून दिवेलागणीशिवाय येणार नव्हती. शकुने पदर खोचला, आतून पाणी तापवायला सांगितलं आणि घोंगडी बाजूला सारून सरळ खाटेपाशी येऊन उभी राहिली. नानांनी डोळे उघडले. समोर ती. जिन्याशी ज्या बाईला वर्षानुवर्षं थांबवलं ती, चप्पल दारात काढून, नानांच्या उशाशी.

"नाना, मी शकु. ड्युटीवरून आलेय, पाय धुतलेले नाहीत. तुम्हाला आंघोळ घालू का? नको असेल तर तो तुमचा हात करा वर, नळावर करायचात तसा. मी माझी जाईन."

इतक्या दिवसांत नानांना पहिल्यांदाच कोणी काहीतरी विचारलं होतं. सगळे त्यांच्याबद्दल बोलायचे, त्यांच्यावरून बोलायचे, त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं. नानांचा डावा हात चादरीवर हलला. सवय हो, दुसरं काय. हात उठायला बघत होता. नानांनी तो कसाबसा मांडीखाली सरकवला आणि त्याच्यावर सगळं वजन टाकून पडून राहिले.

"बरं," शकु म्हणाली.

तिने नलिनीला दार लावायला सांगितलं. खिडकी उघडली. वारो सुसाट आत आला आणि कुणी मेलं नाही. मग तिने एक धुतलेली चादर नानांच्या अंगावर पांघरली आणि आतले कपडे चादरीखालून काढून घेतले, असे की नानांना स्वतःलाही आपण उघडे झालो ते कळलं नाही. दोन पातेली ठेवली, एक साबणाच्या पाण्याचं आणि एक नुसतं. आधी तोंड. डोळे ओल्या फडक्याने आतून बाहेर, या डोळ्याला लावलेला कोपरा त्या डोळ्याला नाही. मग बोटाला फडकं गुंडाळून मिठाच्या पाण्याने हिरड्या, जीभ, टाळू. तोंडातून जे निघालं ते बघून नलिनीने मान फिरवली. शकुने तिला दटावलं, बघ, उद्या तुला करायचंय. मग कान. कानामागून तिने नखाने एक पांढरट पापुद्रा काढला, नाकाशी नेला आणि मोठ्याने हसली. म्हणाली, नाना, तुमचा साबण सापडला हो, आंघोळ अर्धीच टाकून आला होतात.

जेवढं पुसायचं तेवढंच उघडायची, पुसून कोरडं करून झाकायची, मग पुढे. कमरेखालचं करताना तिने चादर उचललीच नाही, हात आत घालून केलं, आणि तेवढा वेळ नलिनीशी बाजारात बोंबलाचा वाटा किती महाग झालाय याच्यावर तावातावाने बोलत राहिली. नानांना कळलं की ही बडबड आपल्यासाठी आहे. शरमेने त्यांचे डोळे भरून आले. मग ते शरमेने भरले की गरम पाण्याने, हे त्यांना सांगता आलं नसतं, कारण ते पाणी इतकं बरं वाटत होतं की माणसाने त्याच्यापुढे लाज वगैरे गोष्टी सोडून द्याव्यात. ते रडले. लहान मुलासारखे, तोंड वाकडं करून, आवाज काढून रडले. शकुने थांबून बघितलं. समजूतबिमजूत घातली नाही. म्हणाली, रडा, पाणी आहे भरपूर. मला काय पुण्यबिण्य लागत नाही यात, भिंतीपलीकडे जेवण जात नव्हतं म्हणून आलेय. तुम्हाला असं गप्प पडलेलं बघायला थोडी मजा पण येतेय, खोटं कशाला बोलू.

कुशीवर वळवलं तेव्हा ती गप्प झाली. पाठीतली जखम तिने बराच वेळ साफ केली. नलिनीला दाखवलं, कशी कूस बदलायची, हाडाखाली कुठे कापड द्यायचं, ओलं कुठे राहू द्यायचं नाही. शेवटी उरले पाय. कोपऱ्यातली नानांची वजरी तिला दिसली. तिने त्यांचे पाय पातेल्यात सोडले, टाचा घासल्या, बोटांच्या बेचक्या पुसल्या, कोरडे केले आणि खाली ठेवताना म्हणाली, "झालं. आता चालेल तुम्हाला जिना चढायला."

नानांनी ते ऐकलं. वर्मी लागलं, लागायलाच पाहिजे होतं. त्यांना हसू आलं की काय कोण जाणे, पण तोंडाची जी बाजू चालत होती ती थोडी वर गेली.

संध्याकाळी सोनूबाई प्रसादाचा शिरा घेऊन आली, तर भाऊ धुतलेल्या बंडीत, स्वच्छ दाढी केलेला, गाढ झोपलेला. दाढी नलिनीने केली होती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा घरात उदबत्तीशिवाय श्वास घेता येत होता. सोनूबाईला आधी आनंद झाला. तेलाचा गुण, म्हणाली. पुढचे दोन-चार दिवस चाळीतली माणसं उंबरा ओलांडून आत आली, खाटेपाशी बसली, आणि सोनूबाईच्या तेलाची कृती विचारून गेली. नलिनी गप्प. जयवंतला बायकोने रात्री सगळं सांगितलं होतं, तोही गप्प. घरात शांतता राहावी म्हणून माणसं काय काय गिळतात, त्याचं कौतुकच करायला हवं. पण चाळीत गुपित टिकतं ते फार तर कपडे वाळेपर्यंत. कोणीतरी सोनूबाईला सांगितलंच.

मग जे झालं ते विचारू नये. रोग्याच्या अंगाला पाणी लागलं हे तर होतंच, पण ते कोणाच्या हातून लागलं याने पाण्याचा गुन्हा फारच लहान वाटायला लागला. सोनूबाईने तबेल्यातून गोमूत्र आणवलं आणि खाटेवर, चादरीवर आणि खुद्द नानांवर शिंपडलं. थोडक्यात, धुतलेला माणूस परत घाण केला आणि त्याला शुद्ध झाला म्हटलं. खिडक्या परत लागल्या. घोंगडी परत टांगली गेली. तेलाची बाटली खाली उतरली. नाना छताकडे बघत पडले होते. जखम भरायला लागली होती, तिच्यावर पुन्हा तो चिकट थर चढत होता, आणि एका दिवसात त्यांना तो वास परत आला. आता मात्र त्यांना खरोखर भीती वाटली. आधी माहीत नव्हतं की सुटका किती सोपी असते, पातेलंभर पाण्याची. आता माहीत होतं.

रविवारी शकुची सुट्टी. तिने नलिनीला आधीच सांगून ठेवलं होतं की आठवड्याने परत घालू. ती आपली आली, हातात टॉवेल आणि पिशवी घेऊन. उंबऱ्यात सोनूबाई उभी. आत जयवंत पेपर घेऊन बसलेला, त्याने पेपर जरा वर केला. नलिनी ओट्यापाशी, पाठ करून.

सोनूबाई म्हणाली की आत यायचं नाही. शकु म्हणाली की ठीक आहे, घर तुमचं, पण अंग नानांचं आहे, नानांना विचारा. सोनूबाईला याचं हसू आलं. त्याला काय विचारायचं, त्याला काय कळतंय, म्हणाली. आणि एवढंच म्हणून ती थांबली असती तर बरं झालं असतं, पण ती पुढे शकुच्या जातीवर गेली, तिच्या नोकरीवर गेली, लोकांची भांडी उचलणारे हात म्हणाली. नानांचेच शब्द होते. फक्त नानांनी ते जिन्याखाली आडून आडून वापरले होते, बहिणीने सरळ दारात वापरले.

नानांचा डावा हात उठला. तळवा समोर, नळावर असायचा तसा. बहिणीला थांबवायला उठला होता, पण खाटेवरून तो नेमका दाराकडे वळला होता आणि दारात दोघी होत्या.

"बघ," सोनूबाई म्हणाली. "तोच नको म्हणता."

शकुने तो हात बघितला. वर्षानुवर्षं बघितला होता, तिला तो चांगला ओळखीचा होता. आणि अट तिनेच घातली होती. तिने टॉवेल पिशवीत घातला आणि वळली.

नानांनी ब... ब... केलं. सोनूबाईने सवयीने डोळ्यांना पदर लावला. नानांचा हात खाली आला, चादरीवर चाचपडला, खाटेच्या कडेवरून खाली गेला. उशाशी स्टुलावर पिण्याच्या पाण्याचा तांब्या होता, तोच, पितळी, दगडावर आपटून बुडाला पोचा पडलेला. बोटं त्याच्या गळ्याला लागली. नानांनी तो ओढला. पाणी सगळं अंगावर सांडलं, छातीवर, बंडीवर, सोनूबाईच्या सव्वा महिन्यावर. आणि रिकामा तांब्या त्यांनी खाटेच्या लोखंडी पायावर आपटला. टण टण. टण टण.

खाली नळावर कोणीतरी सवयीने कळशी बाजूला घेतल्याचा आवाज आला. जयवंतचा पेपर खाली आला. शकु आपल्या दारापाशी थांबली होती.

नाना आपटत राहिले. पुन्हा पुन्हा, दम लागेपर्यंत, तोंडाची एक बाजू वाकडी करून. त्या आवाजाचा दुसरा काही अर्थ लावणं चाळीत कोणालाच शक्य नव्हतं. सोनूबाईने जयवंतकडे बघितलं. जयवंतने पहिल्यांदा नानांकडे बघितलं, सरळ, तोंड न फिरवता, आणि मग उठून आत्याचा दंड धरून तिला उंबऱ्यातून बाजूला घेतलं. नलिनीने स्टोव्हवर पातेलं ठेवलं.

"आले, आले. फोडा तांब्या," शकु म्हणाली.

तिने दारात चप्पल काढली, आत आली आणि मोरीत जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. पाय धुतले नाहीत.